विन्स कार्टरच्या १५ क्रमांकाच्या जर्सीचा मान : टोरांटोचा निर्णय योग्य होता का?

मूळ मत
२ नोव्हेंबर २०२४ रोजी टोरांटो रॅप्टर्स या कॅनडातील बास्केटबॉल संघाने आपला माजी खेळाडू विन्स कार्टरची १५ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली, म्हणजे ती मैदानात उंच टांगून तो क्रमांक पुढे कोणालाही न देण्याचे ठरवले. या संघाकडून हा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू आहे आणि मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. २००० साली अमेरिकेतील ओकलंडच्या डंक स्पर्धेत (डंक म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरूनच रिंगमध्ये घालणे) त्याने आधी नेहमीच्या उलट दिशेने हवेत पूर्ण गिरकी घेतली, मग संघातील सहकारी ट्रेसी मॅकग्रेडीने टप्पा देऊन उडवलेला चेंडू हवेतच पकडून पायांखालून फिरवला, आणि पुढे तर हात कोपरापर्यंत रिंगमध्ये घालून तो तसाच लटकत राहिला. त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या २१८ सेंटिमीटर उंचीच्या फ्रेडरिक वाइसला चक्क ओलांडून त्याने डंक केला. १९९५ पासून खेळणाऱ्या, तोवर पराभवांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या या नवख्या संघाकडे जगाचे लक्ष गेले ते त्याच्यामुळेच.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. डंक कितीही नेत्रदीपक असला, तरी त्याचे गुण दोनच. २००४-०५ च्या मोसमात कार्टरने टोरांटोसाठी सामन्यामागे १५.९ गुण केले आणि त्याच मोसमात न्यू जर्सीच्या संघात जाताच हाच आकडा २७.५ वर गेला. आपण टोरांटोत नेहमी पूर्ण जोर लावला नाही, असे त्याने स्वतःच मुलाखतीत मान्य केले होते. या अदलाबदलीत त्याच्या बदल्यात मिळालेला खेळाडू अलोन्झो मॉर्निंग टोरांटोसाठी एकही सामना खेळला नाही. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे त्याची हुर्यो उडवली, ती याच वेदनेतून.

प्रतिसाद २
ती वेदना मी नाकारत नाही. मात्र २००१ च्या प्लेऑफमधील (मोसमाअखेरच्या बाद फेरीतील) फिलाडेल्फियाविरुद्धची सात सामन्यांची मालिका विसरू नये. तिसऱ्या सामन्यात त्याने ५० गुण केले, त्यांत ९ थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) होते. म्हणजे केवळ उडी मारणारा खेळाडू ही त्याची ओळख तेव्हाही अपुरी होती. सातव्या सामन्याच्या सकाळी तो विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला गेला, संध्याकाळी त्याचा शेवटचा फटका हुकला आणि संघ ८७-८८ असा हरला. त्या पराभवाचे खापर पदवीवर फोडणे मला आजही अन्यायाचे वाटते. पुढे उडी ओसरल्यावर बेंचवरून, म्हणजे राखीव खेळाडू म्हणून, येण्याची भूमिका त्याने मनापासून स्वीकारली आणि एकूण २२ मोसम, १५४१ सामने खेळला. २०१४ च्या प्लेऑफमध्ये डॅलससाठी त्याने कोपऱ्यातून शेवटच्या क्षणी टाकलेल्या थ्री पॉइंटरने सॅन अँटोनिओला हरवले, आणि माझ्या मते तो क्षण त्याच्या कोणत्याही डंकइतकाच मोठा आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)
डॅलसमधील चिकाटीचे श्रेय डॅलसने द्यावे. टोरांटोत ९ मोसम खेळून २०१९ चे विजेतेपद मिळवून देणाऱ्या काइल लाउरीची जर्सी आधी वर जायला हवी होती, एवढाच माझा आग्रह आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
लाउरीचा मान मोठा आहे, हे मला मान्य आहे. क्रमाबद्दल मात्र नाही. २००१ मध्ये व्हँकुव्हरचा संघ मेम्फिसला गेला आणि कॅनडात एनबीएचा (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) एकच संघ, टोरांटो, उरला. त्या काळात टोरांटोचे मैदान भरून जायचे, ते कार्टरला पाहण्यासाठी. २०१४ मध्ये टोरांटोतच त्याच्या आठवणींची चित्रफीत दाखवली गेली तेव्हा प्रेक्षक उभे राहिले आणि प्रतिस्पर्धी संघाच्या जर्सीत उभ्या असलेल्या कार्टरला अश्रू आवरले नाहीत. हुर्यो उडवणाऱ्यांनीच त्याला माफ केले होते, तेही जर्सी वर जाण्याच्या १० वर्षे आधी.