केंब्रिजला एक दिवस, आम्ही दोघंच: काय बघावं, काय सोडावं?

सौ_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. मेअखेरीस मुलीकडे लंडनला चाललोय. ती इलफर्डला राहते. मुलगी-जावई दोघंही नोकरीवाले, म्हणून एक दिवस आम्ही दोघंच केंब्रिजला जाऊन यायचं ठरवतोय. आमचे हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना रामानुजन आणि रँग्लर परांजपे, एवढंच बघायचंय. त्यात त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलाय, न्यूटनने एकही खिळा न मारता लाकडी पूल बांधला म्हणून. तो बघितल्याशिवाय परतायचं नाही असं फर्मान आहे. मला जुनी चर्च, रंगीत काचा आणि होडी. माझा गुडघा रामकुंडावरून कपालेश्वराच्या पायऱ्या चढेपर्यंत साथ देतो, मग कुरकुर सुरू. तिथे ३१ कॉलेजं आहेत म्हणे! सगळीकडे तिकीट काढायचं का? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

पंचवटीचा_पाहुणा
काकू, मी पंचवटीतला, नोकरीमुळे केंब्रिजजवळ राहतो. गावाकडून कुणी आलं की फिरवायचं काम माझ्याकडेच येतं.

आधी वाईट बातमी. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम असतो. बरीच कॉलेजं तेव्हा पाहुण्यांना आत घेत नाहीत, त्यामुळे ३१ची यादी आपोआप गळते. माझं विचाराल तर बरंच झालं. एका दिवसात चार-पाच कॉलेजं केलेल्यांना रात्री विचारा, एकाचं अंगण दुसऱ्यापासून वेगळं सांगता येत नाही. तिकीट एकच काढा, किंग्ज कॉलेजच्या चॅपलचं, म्हणजे कॉलेजच्या चर्चचं. त्याआधी वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ बघून घ्या.

तिथे मात्र घाई करू नका. सहाव्या हेन्रीने १४४६ साली पाया घातला, मग गादीवरून लढाया सुरू झाल्या, राजा गेला, पैसा आटला. छत पूर्ण झालं १५१५ मध्ये. खालचा दगड पांढुरका आणि वरचा पिवळसर दिसेल, काम थांबून पुन्हा सुरू झाल्याची ती खूण. छताकडे बघताना मान दुखते, म्हणून सरळ खुर्चीवर बसा. पंख्यासारख्या पसरलेल्या दगडी कमानींचं ते छत जमिनीपासून सुमारे २४ मीटर उंच आहे, मध्ये एकही खांब नाही. जॉन वॅस्टेल नावाच्या गवंड्याने ते तीन वर्षांत उभं केलं. काचा बघायला दुपारचं ऊन चांगलं, दक्षिणेच्या खिडक्या पेटल्यासारख्या दिसतात. वेदीमागे रूबेन्सचं मोठं चित्र आहे, तेही चुकवू नका.

आता सरांचं. रामानुजन ट्रिनिटी कॉलेजचे. त्याचा मोठा दरवाजा, ग्रेट गेट, तर बघालच. पण रस्ता ओलांडून समोर या, तिथे ह्यूअल्स कोर्ट आहे. १९१४ मध्ये आलेले रामानुजन काही काळ तिथल्या खोल्यांत राहत होते. बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. ग्रेट गेटच्या उजव्या हाताला सफरचंदाचं झाड आहे, न्यूटनच्या गावच्या झाडाचं कलम. ट्रिनिटीच्याच रेन लायब्ररीत १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांना रामानुजनची शंभरावर सुटी पानं सापडली, त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षातली. लायब्ररी पाहुण्यांना मोजक्याच वेळात उघडी असते, तेव्हा जुळलं तर जुळलं. आणि रामानुजनच्या प्रसिद्ध किश्श्यातल्या १७२९ नंबरच्या टॅक्सीची जागा सर इथे शोधतील, तर आधीच सांगून ठेवा, ती गोष्ट लंडनमधल्या पटनीची!

परांजपे शेजारच्या सेंट जॉन्सचे. १८९९ ला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा. ते कॉलेज बंद असलं तरी रस्त्यावरून त्याचं नक्षीचं प्रवेशद्वार दिसतं, सरांचा फोटो तिथेच काढा.

पुलाबद्दल सरांना हळूच सांगा. पूल बांधला १७४९ मध्ये, न्यूटन वारला १७२७ मध्ये. आज दिसतो तो तर १९०५ साली पुन्हा बांधलेला, त्यात चांगले बोल्ट आहेत. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावरून फुकट आणि झकास दिसतो.

होडी जरूर करा, पण नावाडी असलेलीच. पाऊण तासात कॉलेजांची मागची बाजू दिसते, दारं बंद असली तरी काम भागतं, गुडघ्यालाही आराम. रस्त्यात गाठून तिकीट खपवणाऱ्यांच्या नादी लागू नका, धक्क्यावर जाऊन भाव विचारा.

कॉलेजरोड_७०
केंब्रिज कशाला? ऑक्सफर्डला जा. गाव मोठं, इमारती भारदस्त, आणि बोडलियनसारखं ग्रंथालय दुसरीकडे नाही.

पंचवटीचा_पाहुणा
ऑक्सफर्ड उत्तमच. पण घरात गणिताचे सर असताना ट्रिनिटीच्या दारावरून गाडी वळवायची? महिनाभर ऐकावं लागेल काकूंना.

गंगापूररोडची_मनू
काकू, प्रवासाचं मी सांगते. इलफर्डहून लिव्हरपूल स्ट्रीटला या, तिथून केंब्रिजची थेट गाडी आहे, तासाच्या थोडी वर. किंग्ज क्रॉसहून जलद गाडी पाऊण-एक तासात पोचते, पण तुम्हाला स्टेशन बदलायचा व्याप. दोघांच्या नावाचं टू टुगेदर रेलकार्ड काढलं की तिकिटात एक तृतीयांश सूट. दोघांनी एकत्रच जायचं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच चालतं. स्टेशन गावाबाहेर आहे, चालत वीस-पंचवीस मिनिटं. गुडघा जपायचा असेल तर बस घ्या. जेवणाला मार्केट स्क्वेअरमध्ये स्टॉल असतात, शाकाहारी मिळतं. तरी धपाटे आणि चिवडा पिशवीत असू द्या. कॉलेजच्या हिरवळीवर मात्र बसू नका, तिथे पाय ठेवायचा मान फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ विद्वानांचा.

सौ_इंदिरानगर
सगळ्यांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं. पुलाचं ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, "बोल्ट मोजून येतो." चॅपलमध्ये संध्याकाळी गाणं असतं असं मुलगी म्हणते. आपल्यासारख्यांना आत घेतात का? चपला काढायच्या का?

पंचवटीचा_पाहुणा
घेतात, कुठल्याही धर्माचे असा, आणि त्याचं तिकीटही नाही. टर्म चालू असताना बहुतेक संध्याकाळी साडेपाचला इव्हनसाँग, म्हणजे गाऊन केलेली सायंप्रार्थना असते, त्या दिवसाचं वेबसाइटवर बघा. पाच वाजताच रांगेत लागा. चपला राहू द्या, सरांनी टोपी काढायची, फोन बंद. मध्येच सगळे उठतात, बसतात, तेव्हा पुढच्याकडे बघून तसंच करा. गुडघा दुखला तर बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. बाहेर याल तेव्हाही लख्ख उजेड असेल, मेअखेरीस तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. स्वेटर मात्र घ्या.