लेखकाच्या नावाभोवतीचा कंस

मानवाच्या शास्त्रीय नावापुढे, ते नाव देणारा निसर्गशास्त्रज्ञ आणि वर्ष म्हणून 'लिनेयस, १७५८' असं साधं लिहितात, चिमणीच्या नावापुढे मात्र तेच कंसात का, असा प्रश्न पडतो. त्या कंसात प्रजातीचा इतिहास असतो.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीसमूहाचा (जीनस) असतो, दुसरा प्रजातीचा. लिनेयसने मानवाला होमो प्रजातीसमूहात ठेवलं, तो आजही तिथेच आहे. म्हणून कंस नाही. चिमणीला त्याने फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटलं होतं. पुढे ती पॅसरमध्ये गेली, म्हणून पॅसर डोमेस्टिकस (लिनेयस, १७५८). नावातल्या दुसऱ्या शब्दाचं शेपूटही बदललं, कारण पॅसर हा लॅटिनमध्ये पुल्लिंगी शब्द आहे आणि विशेषणाला त्याच्या लिंगाप्रमाणे चालावं लागतं. जुन्या नावातला पहिला शब्दच तेवढा बदलून 'पॅसर डोमेस्टिका' लिहिणं ही नेहमीची चूक.

वनस्पतींत आणखी एक पायरी आहे. तिथे कंसात मूळ नाव देणारा आणि कंसाबाहेर नव्या समूहात हलवणारा, अशी दोन्ही नावं देतात. लिनेयसची मिमोसा निलोटिका, म्हणजे आपली बाभूळ, आता वाचेलिया निलोटिका आहे. तिच्यापुढे कंसात 'एल.' (म्हणजे लिनेयस) आणि बाहेर हर्टर व मॅबरली दिसतात. प्राणिशास्त्रात हलवणाऱ्याचं नाव देणं सक्तीचं नाही.

यादी करताना सगळीकडे सारखे दिसावेत म्हणून कंस घालू किंवा काढू नका. मूळ वर्णनात समूह कोणता होता ते आधी पाहा. जुने संदर्भ शोधताना मूळ जोडनावही (समूह आणि प्रजाती मिळून झालेलं पहिलं नाव) शोधा, नाहीतर निम्मी नोंद हाती लागणार नाही.