मदत हवी आहे: टायगर रणगाड्याचं जुनं किट, सांगतायत ती किंमत योग्य आहे का?

नमस्कार मंडळी,

लहानपणी विमानांच्या प्लास्टिकच्या मॉडेलची १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) किटं जोडायचो, मग मधे पंधराएक वर्षं सगळं बंद, आता परत किडा वळवळलाय आणि या वेळी रणगाडा करायचाय. टायगर १, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, तोही १/३५ मधला. एका माणसाकडे जुनं, आता बाजारात न मिळणारं किट आहे. बॉक्स उघडलेला पण आतलं सगळं जसंच्या तसं, असं त्याचं म्हणणं. भाव असा सांगतोय की तेवढ्यात टमिया या जपानी कंपनीचा नवा सीलबंद टायगर येऊन वर रंगाच्या चार बाटल्या सुटतील. का, तर म्हणे किट दुर्मिळ आहे, सातशेच्या वर भाग आहेत, फोटो-एचच्या (पातळ पत्र्यावर कोरलेल्या) जाळ्या आहेत आणि तोफेची धातूची नळी पण आहे. बॉक्सवर कुर्स्कच्या १९४३ च्या लढाईचं एकदम झकास चित्र, खरं सांगायचं तर अर्धा जीव त्या चित्रातच अडकलाय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही कंपनी भारी की ती' यावर जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

अडचण अशी की विमानाचं किट बघून मला थोडंफार कळायचं, पॅनल लाइन्स बारीक आहेत का, कॅनोपी स्वच्छ आहे का वगैरे. रणगाड्यात नक्की काय बघायचं तेच कळत नाही. भाग जास्त म्हणजे किट चांगलं, हा हिशोब बरोबर आहे का? यात माझं तोंड एकदा पोळलंय. गेल्या वर्षी हौसेने असंच एक भरगच्च किट घेतलं, दुसऱ्या कंपनीचं, त्यात ट्रॅकची, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळी-पट्ट्याची, प्रत्येक कडी सुटी. एका बाजूला ९६, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून १९२. आणि प्रत्येक कडीच्या आतल्या अंगाला दोन-दोन गोल खड्डे, साच्यातून भाग ढकलणाऱ्या पिनांचे. १९२ गुणिले २ करा. पुट्टी भर, वाळू दे, कानस मार. तिसाव्या कडीला हात टेकले, डबा माळ्यावर गेला तो अजून तिथेच आहे.

विकणाऱ्याने फ्रेम्सचे (भाग जिला चिकटलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) तीन फोटो पाठवलेत, खाली टाकतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. घ्यावं का? आणि किंमत योग्य आहे की नाही हे तुम्ही लोक ठरवता कसं?

प्रतिसाद

भागांच्या आकड्याला अजिबात भुलू नका. टायगरला आठ टॉर्शन बार (चाकांना झेलणारे स्प्रिंगसारखे दांडे) एका बाजूला, प्रत्येकावर तीन चाकं, म्हणजे नुसती चाकंच ४८, आणि कड्या सुट्या असतील तर त्या १९२. अडीचशेच्या आसपास भाग इथेच संपले. म्हणजे सातशेतले एवढे भाग तर एकच गोष्ट परत परत करायला लावणारे.

प्रतिसाद

जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, बॉक्स कधीचा ते बघू नका, साचा कधीचा ते बघा. या धंद्यात साचा हीच महागडी वस्तू. एकदा पोलादात कोरला की तो वीस-तीस वर्षं चालवतात, मधे दुसऱ्या कंपनीला वापरायला देतात, ती नवं चित्र, नवे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) टाकून तेच किट नव्या नावाने विकते. त्यामुळे नव्या चकचकीत बॉक्समध्ये म्हातारं प्लास्टिक निघू शकतं. आणि उलटंही होतं बरं का. टमियाचा अर्ली (सुरुवातीच्या उत्पादनातला) टायगर १९९७ चा आहे, पण आजही जोडायला बसलात तर भाग एकमेकांत असे बसतात की गोंद नावापुरता. जुना साचा म्हणजे वाईट असं नाही, कोणत्या हाताने कोरलाय यावर आहे. स्केलमेट्स या वेबसाइटवर किटचा नंबर टाका, साचा मूळ कुठला आणि त्यातून आत्तापर्यंत किती बॉक्स निघाले याची वंशावळच मिळते.

आता फोटोत काय बघायचं. साचा झिजला की त्याच्या दोन अर्धांमधे फट पडते आणि प्लास्टिक तिथून पातळ पापुद्र्यासारखं बाहेर येतं, त्याला फ्लॅश म्हणतात. हूक, हँडल, साखळ्या अशा बारीक भागांच्या कडेला तो बघा. थोडा असेल तर ब्लेडच्या पाठीने दोन मिनिटांत जातो, पण सगळीकडेच असेल तर साचा थकलाय हे समजून घ्या. दुसरं, जिथे भाग जाड तिथे प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं आणि वरून उथळ खळगा पडतो. चाकाचा मधला भाग आणि टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) जाड भिंती ही याची आवडती ठिकाणं, उजेड तिरका पाडला की लगेच दिसतात. पिनांचे खड्डे तर प्रत्येक किटला असतातच, प्रश्न एवढाच की ते जोडल्यावर झाकले जाणार आहेत की तुमच्या त्या कड्यांसारखे तोंडावर येणार आहेत.

मग हलची, म्हणजे रणगाड्याच्या मूळ धडाची, खालची बाजू. जुन्या काळात रणगाड्यांची किटं मोटर घालून पळवायला बनवायचे. १/३५ हे माप सुद्धा त्यातूनच आलंय, टमियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावायला हवी म्हणून आकार तेवढा ठेवला, नंतर तेच माप जगभर रुळलं. त्या वळणाच्या साच्यात तळाला स्विचची भोकं असतात, आणि ट्रॅकच्या वर जो हलचा भाग बाहेर येतो तो खालून उघडाच असतो, आडवं धरलं की थेट आत दिसतं. असलं काही असेल तर प्लास्टिक शीट कापून बुजवायला लागेल, आणि मग प्रीमियम भाव कशाचा हो?

अजून एक सोपं. विकणाऱ्याला सांगा हलशेजारी पट्टी ठेवून फोटो काढ. खरा टायगर नळी सोडून ६.३ मीटर लांब, त्याला ३५ ने भागा, १८ सेंटीमीटर यायला हवं. नळी धरून ८.४५ मीटर, म्हणजे साधारण २४ सेंटीमीटर. एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, पण अर्धा सेंटीमीटर गेलं तर बॉक्सवर काय छापलंय याला अर्थ नाही.

धातूची नळी चांगलीच. प्लास्टिकची नळी बहुतेक दोन अर्धुकांत येते आणि तिचा सांधा घासता घासता गोल नळीची लंबगोल होते, हे पाप माझ्या हातून बऱ्याचदा झालंय. पण हल्ली बरेच जण एकसंध नळी देतात, आणि धातूची वेगळी विकत मिळते. तेव्हा नळीमुळे सगळ्या किटची किंमत चढवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जाळ्यांचंही तेच. टायगरच्या इंजिनावर जाळ्या दिसतात म्हणून त्या हव्यातच, पण त्या पण सुट्या मिळतात.

ट्रॅक कुठले आहेत ते विचारा. मऊ व्हिनाइलचा एकसंध पट्टा असेल तर एक गोष्ट नक्की बघा, बॉक्समधे तो वेगळ्या पिशवीत आहे का. मऊ व्हिनाइलमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं प्लास्टिकला चिकटून राहिलं तर प्लास्टिक विरघळवतं. उघडलेल्या जुन्या बॉक्समधे हा धोका मोठा.

प्रतिसाद

वाचनखूण साठवली. वरचा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव.

प्रतिसाद

थोडा वेगळा सूर लावतो. दुर्मिळ असण्याला किंमत असते, नाही असं नाही. माझ्याकडे पाच किटं अशी आहेत जी मी कधीच जोडणार नाही, नुसता बॉक्स उघडून वास घेतो आणि परत ठेवतो, बायको हसते. तेव्हा जमवायला घेताय की जोडायला हे आधी ठरवा. जोडायला घेत असाल तर दुर्मिळपणाचे पैसे तुम्ही पहिली फ्रेम कापलीत त्या क्षणी पाण्यात. आणि डिकल बघा, जुने असतील तर कागद पिवळा पडतो आणि पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात.

प्रतिसाद

अहो थांबा थांबा. तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघितला का कोणी? डावीकडच्या फ्रेमवरची चाकं बघा. रबराची कडा कुठे आहे? ती पोलादी चाकं आहेत, आतून रबर असलेली, आणि एका दांड्यावर दोनच लागणारी. ती टायगरला १९४४ च्या सुरुवातीपासून आली. कुर्स्क जुलै १९४३ मधलं. त्या वेळच्या टायगरला रबराच्या कडांची चाकं, दांड्यावर तीन-तीन, आणि झिमेरिटचा (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून द्यायच्या लेपाचा) थर पण नाही, कारण तो लेप त्यानंतर, उन्हाळ्याच्या शेवटाकडे सुरू झाला. म्हणजे खालचा सांगाडा लेट टायगरचा आणि वर कुर्स्कचं चित्र चिकटवलंय. टरेटचा वरचा भाग पण बघा, कमांडरचं झाकण उंच डब्यासारखं आणि भोवती बघायच्या फटी असं आहे का? ते अर्लीचं. पेरिस्कोपवालं बसकं झाकण असेल तर गाडी आणखी पुढची.

अवांतर: अर्लीसाठी खात्रीचा संदर्भ हवा असेल तर टायगर १३१ चे फोटो बघा, एप्रिल १९४३ मधे ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला, आता इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधे आहे, चालू स्थितीत.

प्रतिसाद

+१, बसकंच झाकण दिसतंय. चित्रकाराचा पगार वसूल करतायत तुमच्याकडून.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गायब होतो कारण विकणाऱ्याला आणखी फोटो मागितले होते. हलशेजारी पट्टी ठेवून, तळाचा, ट्रॅकच्या पिशवीचा आणि डिकलचा, असे चार. तीन आले. माप ठीक आहे, अठराला जरासं कमी. डिकल कडेने चहा सांडल्यासारखे. तिसऱ्या फोटोत ट्रॅकला पिशवीच नाही, पट्टा सरळ चाकांच्या फ्रेमवर पडलाय, आणि उचलल्यावर चार चाकांवर कड्यांचे ठसे उमटलेत, अगदी चिखलातून गाडी गेल्यासारखे. तळाचा फोटो काही आला नाही, 'नंतर पाठवतो' चालू आहे.

त्याला चाकांबद्दल विचारलं तर म्हणाला रंगवल्यावर कोणाला कळतंय. खरंय, कोणाला नाही कळणार, पण मला आता कळलंय ना, रोज शेल्फवर बघितलं की तेच दिसणार. लेट टायगर म्हणूनच करायचा तर झिमेरिट स्वतः पुट्टीने ओढायला लागेल आणि तेवढा उत्साह माझ्यात सध्या नाही. शेवटी तो भाव अर्ध्यावर आला, तरी नाही म्हटलं. निम्म्यात दिलं म्हणजे आधी दुप्पट होतं एवढंच.

टमियाचा १९९७ वाला घेतला. व्हिनाइलचा पट्टाच आहे, पण माळ्यावरच्या त्या १९२ कड्यांनंतर पट्टा बघून डोळ्यात पाणी आलं. टायगरला वरच्या बाजूला ट्रॅक उचलून धरणारे वेगळे रोलर नव्हते आणि ट्रॅक चाकांवरच टेकलेला असायचा, असं वाचलंय, त्यामुळे पट्टा खाली ओढून चाकांना चिकटवणार आहे.

आता नवा प्रश्न. चाकांचा ढीग टेबलावर पडलाय आणि प्रत्येकाची रबरी कडा काळपट रंगवायची आहे. ब्रशने चार केली, हात थरथरतो, कडा नागमोडी. काही युक्ती आहे का, की ४८ वेळा श्वास रोखून बसायचं?

प्रतिसाद

उलटं करा. आधी सगळं चाक काळपट राखाडी मारा. मग वर्तुळांची भोकं असलेली प्लास्टिकची पट्टी मिळते ना, ड्रॉइंगवाले वापरतात ती, त्यातलं बरोबर मापाचं भोक चाकावर धरायचं आणि एअरब्रशने मधला भाग पिवळसर मारायचा. कडा आपोआप राहते. आणि ४८ कशाला करताय, आतली चाकं बाहेरच्यांच्या मागे जातात, तिथे नुसती सावली दिसते. ती काळपटच सोडा, बाहेरची तेवढी करा.

धागाकर्ता

भूमितीच्या कंपासपेटीत होती ती पट्टी. लगेच करून बघतो.