आवडती सिंगल माल्ट: बाटलीवरच्या वयाला किती भाव द्यायचा?

निवांत नाना

मंडळी, परवा मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. यजमानांनी १८ वर्षांची स्कॉच काढली, सगळ्यांनी आधी लेबलला हात लावून घेतला. मी बंगळुरूची अमृत फ्यूजन नेली होती. एकाने ती उलटीसुलटी करून विचारलं, "हिचं वय कुठाय?" लिहिलेलं नाही म्हटल्यावर बाटली गेली चखण्याच्या रिकाम्या पुड्यांशेजारी.

म्हणून हा धागा. माझी आवडती सिंगल माल्ट (म्हणजे एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) फ्यूजनच आहे, आणि त्यात देशप्रेम वगैरे काही नाही. बहुतांश भारतीय बार्ली, जोडीला स्कॉटलंडची धूर दिलेली बार्ली, ५०% अल्कोहोल. आधी गोडसर लागते, धूर मागून येतो.

वयाचं म्हणाल, तर लेबलवरचा आकडा आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा असतो, आणि तो स्कॉटलंडच्या थंडीतला. तिथे लाकडी पिंपातून वर्षाला साधारण २% उडून जाते, बंगळुरूला १० ते १२%. करा हिशेब. १८ वर्षं ठेवली तर तिथे दोन तृतीयांशाहून जास्त उरते, इथे सहावा हिस्साही नाही. अमृतवाल्यांनी ८ वर्षांची काढली तर नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं! उडून जाणाऱ्या व्हिस्कीला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, आपल्याकडचे देवदूत जरा अधाशी.

धूरखाऊ

वयाचं मान्य. पण नाना, फ्यूजनचा धूर म्हणजे शेजारच्यांच्या उदबत्तीचा. धूर हवा तर स्कॉटलंडच्या आयला बेटावर जा. (नावच 'आयला'. पहिल्या घोटाला मराठी माणूस नेमकं तेच म्हणतो.) तिथे भिजवून मोड आणलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीच्या, जाळावर वाळवतात. माझी लाफ्रॉइग १०. ग्लास नाकाशी नेला की लहानपणीचा दवाखाना, टिंक्चर आयोडीनचा बोळा आणि कंपाउंडर एकदम समोर. पहिल्यांदा उघडली तेव्हा बायकोने गॅस बंद आहे ना ते पाहिलं होतं.

आढीतला आंबा

पूर्ण असहमत, दोघांशीही. उष्णतेने लाकडाचा रंग आणि कस लवकर उतरतो, बरोबर. पण पिंपात नुसता कस उतरत नाही. हवा लागून हळूहळू धार मरते, वास एकमेकांत मुरतात, त्याला वेळच लागतो. कार्बाइडचा हापूस आणि आढीतला हापूस रंगाला सारखेच दिसतात, साल काढली की कळतं. गरम देशातली माल्ट जरा जास्त राहिली की लाकूड चावल्यासारखी कडवट लागते.

माझी ग्लेनड्रोनाख १२. शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या एका वाइनच्या, पिंपातली. मनुका, खजूर, आणि शेवटी कोकोसारखा कडसरपणा.

निवांत नाना

@आढीतला आंबा, बंगळुरूचं ऊन म्हणजे कार्बाइड नव्हे हो! आणि कडवट व्हायच्या आत पिंपातून काढणं हेच तर कसब आहे. शिवाय शेरीचीच आवड असेल तर स्कॉटलंडचीच अ‍ॅबरलावर अबूना घ्या. ओलोरोसो शेरीची पिंपं, ६०% च्या आसपास अल्कोहोल, आणि लेबलवर वयाचा पत्ता नाही. तीही कार्बाइडचीच म्हणायची का?

आढीतला आंबा

अबूना चांगलीच आहे. पण तेवढ्यावरून आकडा झाकायची सवय चांगली ठरत नाही. वय न लिहिता दुप्पट पैसे मागणाऱ्या बाटल्या दुकानात कमी आहेत का?

कुंकळ्ळीकर

गोव्याचं नाव कोणीच घेऊ नये? पॉल जॉन आमच्या कुंकळ्ळीत बनते. मला 'बोल्ड' आवडते, धूरवाली. समुद्राकडची दमट हवा, त्यामुळे चव बंगळुरूपेक्षा वेगळी उतरते असं माझं मत. बाबा अजून काजूच्या फेणीपुढे कशालाच मान देत नाहीत, तो भाग वेगळा.

आणि रंगावरून भाव ठरवू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.

सोडावाला

एवढ्या पैशात महिन्याचा किराणा येतो. सोडा घाला, शेंगदाणे घ्या, झोपा.

तीन_ग्लास

आम्ही तिघी मैत्रिणींनी मागच्या महिन्यात हाच वाद वर्तमानपत्राच्या कागदात मिटवायचा प्रयत्न केला. बाटल्या गुंडाळल्या, वर फक्त अ, ब, क. नवऱ्याने ओतलं आणि त्याला खोलीबाहेर काढलं.

'अ' होती १८ वर्षांची, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, 'ब' धूरवाली टॅलिस्कर १०, 'क' नानांची फ्यूजन. जी कायम म्हणते "धूरवाली नको गं, चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं", तिने ब उचलली आणि वर म्हणाली, "हीच ती १८." दुसरीला अ आवडली, पण तिच्या मते ती सगळ्यात स्वस्त होती. मी बराच वेळ ब आणि क मध्ये अडकले, शेवटी ब.

नाना, क शेवटी आली. सॉरी. एक मात्र आहे, शेवटी चमच्याने थोडं पाणी घातल्यावर तिचा वास पार बदलला, संत्र्याच्या सालीसारखा काहीतरी. पण तोवर मार्क देऊन झाले होते.

आढीतला आंबा

मग माझं म्हणणं सिद्ध झालं की! ;)

तीन_ग्लास

कसं काय? १८ ला तिघींपैकी एकीचंच मत.

निवांत नाना

पाणी शेवटी? अहो, ५०% वाली बिनपाण्याची आणि शेजारी ४५.८% वाली टॅलिस्कर, ही काय तुलना झाली! आधी सगळ्यांना सारखं पातळ करायचं असतं. किती पाणी घातलं होतं?

तीन_ग्लास

एक चमचा. चहाचा.

निवांत नाना

पेग केवढा?

तीन_ग्लास

नवऱ्याच्या हाताने. त्यामुळे साठ म्हणायचे, पण नव्वद असावेत.

निवांत नाना

नव्वदला चहाचा एक चमचा! निकाल रद्द.