गोधडीचे थर सरकतायत, हॉल मिळेल का?

(सोसायटीचा ग्रुप)

ए-३०४ : जागं आहे का कोणी? गोधडीचा प्रश्न आहे. तुकडे जोडून वरचा भाग मस्त झाला. मध्ये बॅटिंग (कापसासारखा मऊ भरावाचा थर), खाली अस्तर घालून मशीनवर घेतली, तर चौथ्या ओळीपर्यंत मागे ही एवढी चुणी! फोटो टाकतेय, हसू नका.

बी-१०१ : अगं, चुणी कसली, चांगली घडी पडलीय. उसवायला घे आधी.

सी-२०२ : कच्चे टाके घातले होतेस का?

ए-३०४ : कोपऱ्यांना टाचण्या लावल्या होत्या काका. चार.

सी-२०२ : चार!!

बी-१०१ : मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरचा पाय वरचं कापड अडवून धरतो. मधे बॅटिंग असली की थर एकमेकांवरून घसरणारच. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा पाय, लावलास तर फरक पडेल, पण तरी तिन्ही थर आधी पक्के धरून ठेवायलाच लागतात. केवढी आहे गोधडी?

ए-३०४ : दीड मीटर बाय दोन.

बी-१०१ : मग दर १० सेंटीमीटरला एक सेफ्टी पिन. १५ गुणिले २०, म्हणजे ३०० लागतील.

ए-३०४ : काकू, एवढ्या पिना लावेपर्यंत थंडी संपेल.

डी-४०३ : आजी सांगतायत, मी टाइप करतेय. "पिना कशाला? पांढरा सुती दोरा घे, लांब सुई घे, धावदोरा घाल. टाका दोन बोटांचा, दोन ओळींत चार बोटं अंतर. मधोमध सुरू कर आणि कडेला जा. कडेकडून आत आलीस की सगळा फुगा मध्ये जमतो."

डी-४०३ : आणखी सांगतायत. "दोरा चांगला लांब घे, अर्धा मध्यावरच सोडून ठेव. एका बाजूची ओळ झाली की त्याच दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सुई ओवून उलट्या बाजूला जा. मध्ये गाठ नको. आणि गडद दोरा वापरू नकोस, फिकट कापडावर त्याचा रंग मागे राहतो."

बी-१०१ : आजी, तुम्ही हाताने शिवता म्हणून दोरा बरा. हिला मशीनवर घालायचीय. लांब टाके मशीनच्या पायात अडकतात. त्यात पक्की शिवण त्यांच्यावरूनच गेली तर कच्चा दोरा चिमट्याने तुकडे तुकडे करून काढत बसायचं. मी एकदा बसलेय.

डी-४०३ : "खरंय. पण हाताने शिवायची असेल तर पिना नकोतच. कापड ताणून धरायची गोल रिंग बसत नाही आणि दर टाक्याला दोरा पिनेत गुंततो."

ए-३०४ : म्हणजे मला पिनाच.

ए-५०१ : ताई, तात्पुरता चिकटणारा स्प्रे मिळतो की. दहा मिनिटांत काम. मी कुत्र्याच्या गादीला वापरला.

बी-१०१ : स्प्रे चांगलाच आहे, पण कापडावर नाही, बॅटिंगवर मारायचा आणि अगदी हलका. जास्त झाला की सुई चिकट होते, टाके सुटायला लागतात. खिडक्या उघड, तोंडाला मास्क लाव, जवळ गॅस किंवा मेणबत्ती नको, पेट घेतो तो. आणि गोधडी धुता येणारी हवी, कारण तो धुऊनच जातो. जुनं नाजूक कापड असेल तर विसर.

ए-५०१ : मास्क लावला नव्हता मी. दोन दिवस शिंकत होतो.

ए-३०४ : माझ्या तुकड्यांत आईच्या जुन्या कापडाचे चार तुकडे आहेत. स्प्रे नको.

सी-२०२ : मग पिना. पण एक सांगू? तुझी चुणी नुसत्या पिनांच्या कमतरतेने पडलेली नाही. अस्तर कशावर पसरलं होतंस?

ए-३०४ : पलंगावर. गादीवरच.

सी-२०२ : तिथेच घोळ. खाली कडक जागा हवी. अस्तर उलटी बाजू वर करून लादीवर पसर, मास्किंग टेपने चिकटव. आधी समोरासमोरच्या दोन कडांचे मध्य, मग बाकी दोन, कोपरे सगळ्यात शेवटी. सुरकुती नको एवढंच, ताणायचं नाही. ताणलंस तर टेप काढल्यावर अस्तर आक्रसतं आणि वरचं कापड फुगतं. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि दोष पिनांना देतात.

डी-४०३ : आजी मान हलवतायत.

बी-१०१ : अस्तर आणि बॅटिंग दोन्ही वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी ५-७ सेंटीमीटर मोठं ठेव. बॅटिंग पाकिटातून काढलीस की रात्रभर उघडी पसरून ठेव, घड्या सैल होतात. वरचा भाग आणि अस्तर आधीच इस्त्री करून घे. पिना लागल्यावर इस्त्री फिरवायची नाही, आणि बॅटिंग पॉलिएस्टरची असेल तर गरम इस्त्री तिच्याजवळही नको.

ए-३०४ : काकू, आणखी काही?

बी-१०१ : वाकड्या पिना घे, त्या घालताना थर वर उचलले जात नाहीत. मधून बाहेर जात सगळ्या घाल, पण बंद करू नकोस. सगळ्या घालून झाल्या की मग एकदम बंद कर. बोटं दुखतात, चमच्याच्या कडेने टोक उचललंस की सोपं जातं. शिवणीच्या रेषेवर पिन येऊ देऊ नकोस. आणि महिनोन्‌महिने तशीच ठेवू नकोस, गंजाचा डाग जात नाही.

ए-३०४ : एवढं वाकून माझे गुडघे शिल्लक राहतील का?

सी-२०२ : माझी पद्धत टेबलावरची. दोन लांब सपाट लाकडी पट्ट्या घ्यायच्या, एकीवर अस्तर, एकीवर वरचा भाग गुंडाळायचा. टेबलावर थोडं थोडं उलगडत जायचं आणि खुर्चीत बसून कच्चे टाके किंवा पिना घालायच्या. मी लाकूडकाम करायचो, पट्ट्या पडूनच होत्या. हवी असेल तर ये घेऊन जा.

बी-१०१ : लहान गोधडीला तर टेबलावर चार मोठ्या क्लिपा पुरतात. टेबलाच्या मध्यावर एक टूथपिक टेपने चिकटवून ठेवते मी. कापडाचा मध्य घडीवरून कळतो, टेबलाचा मध्य बोटाला लागतो.

सचिव : हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. पण रविवारी हॉल रिकामा आहे, किल्ली माझ्याकडे आहे. टेपचे डाग राहू देऊ नका.

ए-३०४ : धन्यवाद सर! काकू, तुमचा चमचा मिळेल का?

(रविवारी संध्याकाळी)

ए-३०४ : हॉलमध्ये मुलांचा कॅरम चालू होता, म्हणून घरीच केलं. ३१२ पिना लावल्या. वर एक सुरकुती नाही. पण गोधडी उचलता येत नाहीये.

सी-२०२ : का?

ए-३०४ : लादीवर गालिचा होता.

बी-१०१ : अगं!!

ए-५०१ : चौथा थर, ताई.

डी-४०३ : आजी म्हणतात, "खाली हात घालून बघ, कुठे कुठे अडकलीय. तेवढ्याच पिना उघड. बाकीच्यांना हात लावू नकोस."

ए-३०४ : अकरा सापडल्या. काकू, चमचा उद्या आणून देते.