मोलकरणीच्या तोंडपाठ स्तोत्रांबद्दल

वेल्श भाषा तगवल्याचं श्रेय बरेचदा बिशप विल्यम मॉर्गन यांच्या १५८८च्या वेल्श बायबलला दिलं जातं. ते रास्तच, पण सगळं माप बिशपांच्या पदरात कशाला? अ‍ॅन ग्रिफिथ्सचं नाव यात यायलाच हवं. उत्तर वेल्समधल्या डोल्वार फाख नावाच्या शेतघरातली ही मुलगी. जन्म १७७६चा. १८०५ मध्ये बाळंतपणानंतर गेली, तेव्हा वय अवघं २९. आज वेल्शमधली मोठी स्तोत्रकार म्हणून तिचं नाव घेतात, पण तिच्या हस्ताक्षरातलं एकच कडवं उरलंय, तेही मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात.

मग बाकीची स्तोत्रं आली कुठून? अ‍ॅनच्या घरी कामाला असलेल्या रूथ इव्हान्सला ती तोंडपाठ होती! रूथचं लग्न झालं जॉन ह्यूज यांच्याशी. हे मूळचे विणकर, पुढे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. बायकोनं म्हणायचं आणि यांनी वहीत उतरवायचं, असं ते काम झालं. बाला गावच्या थॉमस चार्ल्स यांनी १८०६ मध्ये त्यातली काही छापलीसुद्धा. ह्यूज यांचं नाव निदान चरित्रकोशांत तरी सापडतं. रूथबाईंचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा ‘मोलकरीण’ एवढ्यावरच आटोपतात, हे मला खटकतं.