म्युनिक की डार्मश्टाट? दहा दिवसांत ठरवायचंय

नमस्कार. कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी जर्मनीतल्या टीयू (तंत्र विद्यापीठ) म्युनिक आणि टीयू डार्मश्टाट, दोन्हीकडून ऑफर आली आहे. म्युनिकला २०२४ पासून युरोपबाहेरच्यांना फी लागू झाली, मास्टर्सला सेमेस्टरला ४००० ते ६००० युरो. डार्मश्टाटला ट्यूशन फी नाही, फक्त सेमेस्टरचं शुल्क. बाबा म्हणतात, कर्ज काढू पण नाव मोठं तिथेच जा. त्यांच्यावर एवढं ओझं टाकायला माझं मन होत नाही. मला सायबर सिक्युरिटी करायची आहे. रँकिंगने खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर १
म्युनिक. डोळे झाकून. फीमाफीच्या स्कॉलरशिप असतात, त्यांचं आधी विचारून घे.

उत्तर २
डोळे झाकून काही घेऊ नकोस रे. मी जर्मनीतच मास्टर्स केलं, विद्यापीठ रँकिंग बघून निवडलं. पहिल्या आठवड्यात विषय निवडायला बसले, तर ज्यासाठी आले होते ते दोन्ही विषय जर्मनमधून. कोर्स इंग्रजी म्हणून जाहीर होता, पण इंग्रजीत होते ते फक्त काही अनिवार्य विषय. जर्मनमधल्या एका अनिवार्य विषयात तर पेपर हातात आला आणि प्रश्नच नीट कळेना. दोनदा नापास झाले. तिथे बहुतेक ठिकाणी तीनच संधी मिळतात. अनिवार्य विषयात तिसरीही गेली की प्रवेश रद्द, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. तिसऱ्या परीक्षेआधीचे ते दोन महिने मला अजून आठवतात.

म्हणून आजच दोन्हीकडची मॉड्युल हँडबुकं, म्हणजे कोर्समधल्या सगळ्या विषयांची माहितीपुस्तकं, उघड. वेबसाइटवर पीडीएफ असते. प्रत्येक विषयापुढे शिकवण्याची भाषा, क्रेडिट आणि तो हिवाळ्यात असतो की उन्हाळ्यात, हे लिहिलेलं असतं. मास्टर्सला लागणारे १२० क्रेडिट्स तुला हव्या त्या विषयांनी भरतात का, ते कागदावर मांडून बघ.

पैशांचं म्हणशील तर ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२, हा आकडा सगळ्या शहरांना सारखाच. खोलीचं भाडं मात्र सारखं नसतं, आणि म्युनिक त्यात सगळ्यात महागड्यांपैकी. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज ऑफर स्वीकारल्या दिवशीच टाक.

आणि सायबर सिक्युरिटी हवी असेल तर डार्मश्टाटला कमी लेखू नकोस. अथेने हे सायबर सिक्युरिटीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिथेच आहे, फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेच्या दोन संस्था आणि टीयू डार्मश्टाट मिळून त्यात काम करतात. थीसिस, विद्यार्थी-नोकरी, सगळं त्याच गावात शोधता येईल.

प्रश्नकर्ता
ताई, रात्री बाबांना शेजारी बसवून दोन्ही याद्या वहीत उतरवल्या. जर्मन विषयांखाली लाल रेघ मारली. लाल रेघा दोन्हीकडे आहेत, पण सिक्युरिटीचे मला हवे ते विषय डार्मश्टाटच्या पानावर जास्त निघाले. बाबा बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, वसतिगृहाचा अर्ज कुठे करायचा ते विचार त्या ताईला.